विश्लेषण : महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीतले डिझेल खराब होते का?

पावसाळी मासेमारीबंदीत शाकारून ठेवलेल्या यांत्रिक नौका, गाळप हंगाम संपल्यावर शेडमध्ये गेलेली ऊसतोडणी यंत्रे, उन्हाळी सुट्टीत रांगेने उभ्या राहिलेल्या शाळेच्या बस आणि मालक मुलांकडे परदेशी गेल्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झाकलेली एसयूव्ही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे टाकीत शिल्लक राहिलेले डिझेल. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक गाड्या कित्येक महिने जागच्या हलल्या नाहीत. त्या पुन्हा बाहेर काढताना बॅटरी आणि टायर यांच्याकडे बहुतेकांचे लक्ष गेले. टाकीकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. उभ्या गाडीतले डिझेल किती दिवस टिकते, ते कशामुळे बिघडते आणि ते टिकवण्यासाठी काय करावे, याचा हा आढावा.

डिझेल किती काळ टिकते?

डिझेलच्या टाकीवर ‘वापरण्याची अंतिम तारीख’ छापलेली नसते, कारण ते किती टिकेल हे कसे ठेवले यावर अवलंबून असते. स्वच्छ, कोरड्या आणि बंद टाकीत, २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात ते साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चांगले राहते. तापमान सतत ३० अंशांच्या वर असेल तर हाच काळ सहा ते बारा महिन्यांवर येतो, असे साठवणुकीविषयीचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. महाराष्ट्रातील हवामान पाहता दुसरा आकडा धरून चालणे शहाणपणाचे. म्हणजे महिना-दीड महिना गावी जाणाऱ्याने डिझेलची चिंता करण्याचे कारण नाही. गाडी दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, त्यातही मध्ये पावसाळा येणार असेल, तर मात्र थोडी तयारी हवी.

‘खराब होते’ म्हणजे नेमके काय होते?

डिझेल दोन वाटांनी बिघडते. पहिली वाट हवेची. टाकीतल्या मोकळ्या जागेतील प्राणवायूशी डिझेलमधील काही घटकांची हळूहळू अभिक्रिया होते. त्यातून चिकट, डिंकासारखे पदार्थ आणि बारीक गाळ तयार होतो. ताजे डिझेल फिकट पिवळसर आणि पारदर्शक दिसते, तर जुने गडद होत जाते आणि त्याचा वासही बदलतो. उष्णता ही प्रक्रिया वेगवान करते. तांबे, पितळ आणि जस्त या धातूंचा संपर्कही तिला हातभार लावतो. म्हणूनच डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे डबे किंवा पिंप वापरू नये, असे सांगितले जाते.

दुसरी वाट पाण्याची, आणि आपल्याकडे तीच अधिक त्रासदायक. डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. एका लिटर डिझेलचे वजन साधारण ८१० ते ८४५ ग्रॅम भरते. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी डिझेलमध्ये मिसळून जात नाही, तर तळाशी जाऊन बसते. इंजिनाकडे इंधन ओढणारी नळीही तळाजवळच असते. गाडी रोज धावत असते तेव्हा हे थोडेथोडके पाणी फिल्टरमध्ये अडकत राहते. गाडी उभी राहिली की ते एका जागी साचते आणि गंज, जंतू व गाळ या तिन्हींची सुरुवात तिथून होते.

टाकीत पाणी येते कुठून?

‘अर्धी टाकी ठेवली की आत दव पडते आणि पाणी साचते,’ असे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळते. यात तथ्य आहे, पण ते किती हे आकड्यांत पाहायला हवे. ३० अंश तापमानाच्या, पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. एखाद्या मोटारीच्या टाकीत ५० लिटरची जागा रिकामी असेल, तर त्या हवेतले बाष्प जेमतेम दीड ग्रॅम. दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक पडत असेल तर टाकीतली हवा रोज साधारण तीन टक्के आकसते आणि प्रसरण पावते. म्हणजे दररोज दीड लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर होते. हवेतले सारे बाष्प आतच राहिले असे मानले, तरी दोन महिन्यांत जमणारे पाणी चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे. आधुनिक मोटारींची झाकणे घट्ट असल्याने प्रत्यक्षात ते याहूनही कमी असते.

मग पाण्याचे मोठे स्रोत कोणते? एक म्हणजे मूळ इंधन. मानकानुसार बीएस-सहा डिझेलमध्ये किलोमागे कमाल २०० मिलिग्रॅम पाणी चालते. ६० लिटरच्या टाकीत या मर्यादेने जास्तीत जास्त दहा ग्रॅम पाणी येऊ शकते. त्यातले काही विरघळलेले असते आणि इंधन थंड झाले की वेगळे होते. दुसरा स्रोत म्हणजे खराब झालेले झाकण आणि त्याचे तडकलेले रबर. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या झाकणाभोवती साचलेले पावसाचे पाणी श्वासछिद्रातून आत ओढले जाते. तिसरा स्रोत बाहेर उभे ठेवलेले पिंप. पिंपाच्या वरच्या कड्यात पाणी साचते. रात्री पिंप थंड झाले की आत निर्माण होणारी ओढ तेच पाणी बुचातून आत घेते. नौकेच्या बाबतीत हिशेब आणखी मोठा होतो. तिच्या टाकीत हजारो लिटर डिझेल मावते, हवा खेळण्याची नळी उघड्यावर असते आणि भोवती खारी, दमट हवा. चमच्याचे पाणी तिथे तांब्याभर होते.

‘डिझेल बग’ हा काय प्रकार?

डिझेलमध्ये कुणी जगू शकेल हे ऐकायला विचित्र वाटते, पण काही बुरशी आणि जिवाणू हेच करतात. ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ नावाने ओळखली जाणारी बुरशी त्यात सर्वांत परिचित. विमानांच्या इंधन टाक्यांतही ती सापडत आली असून, तिला ‘केरोसीन फंगस’ असेही म्हणतात. डिझेलमधील हायड्रोकार्बन हे तिचे अन्न. मात्र जगायला तिला पाणी लागते. त्यामुळे ती वाढते ती डिझेल आणि तळाचे पाणी जिथे एकमेकांना भेटतात त्या पातळ थरात. यासाठी पाण्याचा तलाव लागत नाही, नुसता पापुद्रा पुरतो. २५ ते ३५ अंश तापमान तिला मानवते, आणि कोकणातला पावसाळा नेमका तसाच असतो.

ही वाढ झाली की टाकीच्या तळाशी काळपट-तपकिरी, बुळबुळीत थर जमतो. त्याचे तुकडे सुटून फिल्टर चोक होतो. काही जिवाणू आम्ल तयार करतात, त्याने टाकीचा पत्रा आतून खाल्ला जातो. कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो. गाडी सुरू होते, थोडी चालते आणि चढावर दम सोडते. फिल्टर बदलला की पुन्हा ठीक आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशी तक्रार असेल तर दोष फिल्टरचा नसून टाकीत शोधायला हवा.

नव्या गाड्यांना धोका अधिक का?

जुन्या डिझेल इंजिनाविषयी ‘काहीही पचवते’ अशी ख्याती होती. आजच्या इंजिनाला ते परवडत नाही. कॉमन रेल प्रणालीत इंधनाचा दाब १,६०० ते २,००० बार किंवा त्याहून अधिक असतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज यावा. इतक्या दाबावर काम करणाऱ्या पंप आणि इंजेक्टरच्या भागांमधील अंतर काही मायक्रॉनचे असते. या भागांना वंगण मिळते ते डिझेलचेच. त्या जागी पाण्याचा थेंब आला तर वंगण तुटते, गंज धरतो आणि इंजेक्टरचे तोंड खराब होते.

इंधनही बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा इंधन लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅमवर आली. प्रदूषणाच्या दृष्टीने हा मोठा फायदा. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला नैसर्गिकरीत्या वंगणक्षमता देणारे काही घटकही कमी होतात आणि ती उणीव रसायने मिसळून भरून काढावी लागते. शिवाय २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते आणि लवकर बिघडते. मिश्रण वाढत जाईल तसा साठवणुकीचा प्रश्नही महत्त्वाचा होत जाईल.

टाकी भरून ठेवावी की रिकामी?

दोन ते सहा महिन्यांसाठी गाडी उभी करायची असेल तर टाकी भरलेली बरी. रिकामी जागा कमी म्हणजे आत हवा कमी, बाष्प कमी आणि लोखंडी टाकीचा उघडा, गंजणारा भागही कमी. पण ‘भरलेली’ म्हणजे गळ्यापर्यंत नव्हे. डिझेल तापले की फुगते. ६० लिटर डिझेलचे तापमान २० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे एक लिटरने वाढते. म्हणून पंपावरील नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तिथेच थांबावे. भरणाही शेवटच्या दिवशी आणि जिथे खप चांगला आहे अशा पंपावर करावा. मुसळधार पावसात किंवा पंपावर टँकर रिकामा होत असताना भरणे टाळलेले बरे.

वर्षाहून अधिक काळ गाडी वापरातच येणार नसेल तर गणित उलटते. तेव्हा भरलेली टाकी म्हणजे साठ लिटर जुने डिझेल. अशा वेळी जाणकार मेकॅनिककडून टाकी रिकामी आणि कोरडी करून घेणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे कुणाकडे तरी किल्ली देऊन गाडी अधूनमधून प्रत्यक्ष चालवायला सांगणे आणि जुने इंधन वापरून नवे भरत राहणे. बहुतेक घरगुती गाड्यांसाठी हाच सोपा आणि स्वस्त उपाय.

गाडी उभी करण्यापूर्वी काय करावे?

सर्वप्रथम डिझेल फिल्टर पाहावा. बहुतेक डिझेल गाड्यांत फिल्टरच्या तळाशी पाणी वेगळे होऊन साचते आणि ते काढण्यासाठी खाली बूच असते. ते पाणी काढून टाकावे. फिल्टर बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर आत्ताच बदलावा, कारण जुन्या फिल्टरमधली घाण आणि ओल महिनोन्महिने इंधनात भिजत ठेवण्यात अर्थ नाही. झाकणाचे रबर तडकले असेल तर झाकण बदलावे. गाडी शक्यतो सावलीत, छताखाली उभी करावी. ऊन टळले की तापमानाचा चढउतार आणि डिझेलचे वय दोन्ही मंदावतात.

बीएस-सहा काळातील अनेक ट्रक, बस आणि काही मोटारींत डीईएफची वेगळी टाकी असते, जिला चालक सरळ ‘युरिया’ म्हणतात. हे द्रव म्हणजे पाण्यातील ३२.५ टक्के युरिया. त्यालाही वय असते. २५ अंशांत ते साधारण १८ महिने टिकते, ३० अंशांत वर्षभर आणि ३५ अंशांत सहाच महिने. त्यामुळे लांबच्या मुक्कामापूर्वी त्याचा मोठा साठा करू नये. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल डीईएफच्या टाकीत गेले तर गाडी सुरूच करू नये.

बाजारातली रसायने आणि रॉकेलचा ‘उपाय’?

डिझेल टिकवणारी रसायने दोन प्रकारची असतात. स्टॅबिलायझर हवेशी होणारी अभिक्रिया मंदावतात, तर बायोसाइड बुरशी-जिवाणू मारतात. दोन्हींचे काम वेगळे असल्याने एक दुसऱ्याची जागा घेत नाही. स्टॅबिलायझर ताज्या डिझेलमध्येच घालायचे असते. बिघडलेले डिझेल त्याने पुन्हा ताजे होत नाही. ते घातल्यावर गाडी १५-२० किलोमीटर चालवावी, म्हणजे मिश्रण नळ्या आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचते. पेट्रोलसाठीचे रसायन डिझेलमध्ये चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेत कोणतेही रसायन घालू नये असे लिहिले असेल तर ते पाळावे, नाहीतर वॉरंटीचा प्रश्न येतो.

बायोसाइड हे विषारी असते. हातमोजे घालून, डब्यावरील प्रमाणातच वापरावे. बुरशी मेली तरी तिचा गाळ टाकीतच राहतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो, हेही लक्षात ठेवावे. जिथे वाढ बरीच झाली आहे तिथे टाकी धुण्याला पर्याय नाही. चार महिने उभ्या राहणाऱ्या घरगुती मोटारीला बायोसाइडची गरज सहसा पडत नाही. नौका, जनरेटर, शेतावरची टाकी यांचा प्रश्न वेगळा.

डिझेलमध्ये थोडे रॉकेल घालण्याचा जुना सल्ला मात्र विसरावा. रॉकेलची वंगणक्षमता कमी असते, त्यामुळे पंप आणि इंजेक्टर झिजतात. शिवाय ती भेसळ ठरते.

दर आठवड्याला इंजिन सुरू केले तर?

शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू कर’ असे सांगणे सर्रास चालते. हेतू चांगला, पण उपयोग थोडा. पाच मिनिटांत इंजिन पुरेसे तापत नाही. एक्झॉस्टमध्ये तयार झालेले पाणी बाहेर पडत नाही, सेल्फ मारताना खर्च झालेली बॅटरी पूर्ण भरत नाही आणि काजळी अडवणारे फिल्टर असलेल्या गाड्यांत काजळी साठत जाते. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी २०-३० मिनिटे रस्त्यावर चालवावी. ते शक्य नसेल तर न सुरू केलेलीच बरी.

डिझेल कॅनमध्ये साठवता येते का?

डिझेल हे कायद्याने ‘ब’ वर्गातील पेट्रोलियम आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार या वर्गातील इंधन एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर साठवणुकीच्या परवान्याची गरज नसते. ही सवलत शेतकरी आणि छोट्या उद्योगांना सोयीची आहे. तिचा अर्थ फ्लॅटच्या गॅलरीत किंवा जिन्याखाली कॅन ठेवावेत असा नव्हे. साठा करायचाच तर तो घरापासून वेगळ्या, हवेशीर, सावलीतल्या जागी आणि विजेच्या तारांपासून दूर असावा. पिंप उभे न ठेवता आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डिझेलखाली बुडालेली राहतील असे पाहावे. त्याने बुचातून हवा आणि पाणी आत ओढले जात नाही. प्रत्येक पिंपावर भरल्याची तारीख लिहावी आणि जुने आधी वापरावे.

पुन्हा सुरू करताना काय पाहावे?

सर्वांत मोठी चूक इथे होते. चार महिन्यांनी आल्यावर पहिले काम म्हणजे सेल्फ मारणे. टाकीत पाणी असेल तर त्याच क्षणी ते पंपाकडे ओढले जाते. त्याऐवजी आधी फिल्टरच्या तळाचे बूच सोडून थोडे इंधन काचेच्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास न हलवता ठेवावे. डिझेल पारदर्शक आणि चमकदार असेल, तळाशी काही नसेल तर काळजी नाही. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला, इंधन गढूळ असेल किंवा काळे तुकडे तरंगत असतील तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे. डॅशबोर्डवर इंधनातील पाण्याचा दिवा लागला असेल तरी हेच करावे.

इंधन चांगले पण जुने असेल तर त्यात ताजे डिझेल भरून गाडी वापरायला हरकत नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये थांबावे. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ताकद कमी वाटली, धूर वाढला किंवा इंजिन अडखळले तर फिल्टर तपासावा. इंजिन सुरू असताना कॉमन रेलच्या नळ्यांचे नट ढिले करून हवा काढण्याचा जुना प्रकार नव्या गाडीत करू नये. त्या दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडीच्या आत शिरते आणि ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते. काढलेले खराब डिझेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

मोटारीच्या बाबतीत या सगळ्याची किंमत पैशात मोजता येते. फिल्टर आणि अर्ध्या तासाची तपासणी एकीकडे, पंप-इंजेक्टरची दुरुस्ती दुसरीकडे, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट. नौकेच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी संपली, नारळी पौर्णिमेचा नारळ वाहिला, की दोन महिने उभे असलेले इंजिन थेट खवळलेल्या समुद्रात नेले जाते. लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो आणि फिल्टर चोक होतो तो किनाऱ्यापासून कित्येक मैलांवर. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घेता येते. ऑगस्टच्या समुद्रात ती सोय नसते, म्हणून नौका पाण्यात ढकलण्यापूर्वी टाकीच्या तळाचे पाणी काढणे आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवणे हे जाळी दुरुस्त करण्याइतकेच गरजेचे आहे.